येशूला उठवायला मुलांना शिकवू या



उपवासकाळातल्या व्याख्यानांत आपण बहुधा मोठ्यांच्या पश्चात्तापाविषयी बोलतो. यंदा संयोजकांनी मला मुलांविषयी बोलायला सांगितले, आणि तेही कठीण दिवसांतून जाणाऱ्या मुलांविषयी. घरात कुणी गेले, वडिलांची नोकरी सुटली, आई महिनोन्महिने अंथरुणाला खिळली, आईवडील वेगळे झाले. अशा वेळी सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘येशूवर विश्वास ठेव’ म्हणायचे, म्हणजे त्याने नेमके काय करायचे? माझे उत्तर आधीच सांगून टाकते. आपण मुलांना येशूला हाक मारायला शिकवावे. रडून, ओरडून, वेळ पडली तर रागावूनसुद्धा. संकट येणारच नाही, असा शब्द मात्र त्याच्या नावाने देऊ नये. तसा शब्द त्याने कुणालाच दिलेला नाही.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायातली वादळाची गोष्ट आपल्या वसईच्या मुलांना शिकवावी लागत नाही, ती त्यांना आधीच अर्धी ठाऊक असते. आमच्या वर्गात मच्छीमारांची मुले बरीच. गोष्ट सांगून झाली की मी कागद आणि खडू देते. एका मुलाने लाटा इतक्या उंच काढल्या की कागदावर आभाळाला जागाच उरली नाही. होडीच्या मागच्या टोकाला येशू झोपलेला, डोक्याखाली उशी, आणि उशीला फुलाफुलांचा अभ्रा. शेजारच्या मुलाने चित्रात डोकावून विचारले, “बाई, सुकाणूवर कोण होतं?” मार्क ते सांगत नाही. मग वर्गाने आपसात ठरवले की पेत्र असणार, तोच तांडेल शोभतो. मी विचारले, “तुम्ही त्या होडीत असता, तर येशूला उठवलं असतं का?” निम्म्याहून अधिक मुलांनी नाही म्हणून माना हलवल्या. एक मुलगी म्हणाली, “देवाला ओरडून उठवायचं नसतं. गप्प बसून प्रार्थना करायची.”

हे त्या मुलीला आपणच शिकवलेले आहे. हात जोड, डोळे मीट, आवाज करू नकोस. रोजच्या प्रार्थनेसाठी हे वळण चांगलेच आहे, पण त्या होडीतल्या माणसांनी असे काही केले नाही. त्यांनी येशूला हलवून जागे केले आणि आम्ही बुडतोय याची तुला काही फिकीर आहे की नाही, असे त्याच्या तोंडावर विचारले. आणि तो उठला. मार्कच्या सांगण्यात त्याने आधी वारा शांत केला आणि मग शिष्यांना त्यांच्या भीतीविषयी विचारले. मत्तयाने हाच प्रसंग सांगताना क्रम उलटा ठेवला आहे, तिथे प्रश्न आधी आणि वारा नंतर. लहान मुलांना सांगताना मी मार्कचा क्रम धरते. घाबरलेल्या लेकराला आधी जवळ घ्यावे, शिकवण नंतर.

या गोष्टीत आणखी एक बाब आहे, ती आपल्या हातून निसटते. पलीकडच्या काठाला जाऊ या, असे म्हणणारा येशूच होता. शिष्य त्याचे ऐकून होडीत बसले, आणि ऐकले म्हणूनच वादळात सापडले. मुलाला हे स्पष्ट सांगितले पाहिजे, कारण संकटात सापडलेले मूल पहिला प्रश्न हाच विचारते, की माझे काय चुकले?

२७ मार्च २०२० च्या संध्याकाळी पोप फ्रान्सिस यांनी सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात, पावसात, हेच शुभवर्तमान पुढे ठेवले होते. कोरोनामुळे आपलीही देवळे तेव्हा बंद होती आणि आपण घरातल्या टीव्हीसमोर मुलांना घेऊन बसलो होतो. जगभरच्या लोकांना एकाच होडीत सापडल्यासारखे झाले आहे, असे त्यांनी सांगितले. त्या काळात कितीतरी मुलांचे आजी-आजोबा गेले आणि मुलांना त्यांचे शेवटचे दर्शनही घेता आले नाही. ती मुले आज बारा-पंधरा वर्षांची आहेत. त्यांच्याशी तेव्हा कोण बोलले, आणि काय बोलले?

आपण काय बोलतो ते मी पुष्कळ घरांत ऐकले आहे. देवाला तुझी आई आवडली म्हणून त्याने तिला नेले. आजोबा झोपलेत. तू शहाण्यासारखा वागलास तर बाबा बरे होतील. ही सगळी वाक्ये मायेपोटी येतात, यात शंका नाही. पण मुलाच्या जागी बसून ती ऐका. पहिल्या वाक्यातला देव आई पळवणारा ठरतो, आणि त्याच देवाला रात्री नमस्कार करायला आपण मुलाला सांगतो. दुसऱ्या वाक्याने मुलाला झोपेची धास्ती बसते. तिसरे सगळ्यांत घातक आहे, कारण बाबा बरे झाले नाहीत तर दोष मुलाच्या माथी येतो. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आपल्या मनातल्या रागाने जगात काहीतरी घडते असे खरोखर वाटत असते. बहिणीशी भांडताना ‘तू मर’ म्हणून गेलेले मूल बहीण आजारी पडली की आतून कोसळते, आणि कुणाला सांगतही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणसाकडे बघून शिष्य विचारतात की पाप कुणाचे, याचे की आईबापांचे? येशू दोन्ही नाकारतो. धर्मशिक्षणात हा प्रसंग आपण चमत्कार म्हणून शिकवतो. दुखावलेल्या मुलासाठी त्यातला हा नकार चमत्काराइतकाच मोलाचा आहे.

आता एका मुलीविषयी जरा सविस्तर सांगते. लिझ्यूची संत तेरेझा आपल्या घरोघर तसबिरीत असते, हातात क्रूस आणि गुलाब. तिची आई झेली स्तनाच्या कर्करोगाने २८ ऑगस्ट १८७७ रोजी गेली, तेव्हा तेरेझा साडेचार वर्षांची होती. आत्मचरित्रात ती सांगते की त्या दिवसांत तिच्याकडे लक्ष द्यायला कुणाला सवड नव्हती, त्यामुळे तिच्यापासून जे लपवायचे ते सगळे तिने पाहिले. उभ्या ठेवलेल्या शवपेटीच्या झाकणासमोर ती उभी राहून बराच वेळ बघत होती. ती फारशी रडलीही नाही आणि मनातले कुणाशी बोललीही नाही. अंत्यविधीनंतर तिने थोरली बहीण पोलीन हिला आई मानले. पाच वर्षांनी, १८८२ साली, पोलीन कार्मेलच्या मठात गेली. पुढच्या वर्षी तेरेझा अशी आजारी पडली की घरच्यांनी आशा सोडली होती. दोनदा आई हरवलेल्या मुलीचे ते आजारपण होते, असे मला वाटते.

पुढे भरवसा हाच तिच्या शिकवणीचा गाभा झाला. पोप फ्रान्सिस यांनी १५ ऑक्टोबर २०२३ रोजी तिच्यावर जे प्रेषितीय उद्बोधन काढले, त्याचा विषयही हाच होता. पण हा भरवसा सुखात वाढलेला नव्हता. १८९६ च्या ईस्टरच्या सुमारास तिच्या मनावर काळोख दाटला, स्वर्ग आहे की नाही अशी शंका तिला दीड वर्ष छळत राहिली आणि त्यातच ३० सप्टेंबर १८९७ रोजी क्षयाने ती गेली. वय चोवीस. त्या दीड वर्षात तिने येशूशी बोलणे थांबवले नाही. आपण मुलांना तिचे फक्त गुलाब दाखवतो. दुसरी-तिसरीतल्या मुलांना तिच्या आईची आणि शवपेटीसमोरच्या त्या चिमुरडीची गोष्ट सांगा. ज्याच्या घरी दुःख झाले आहे, ते मूल त्या क्षणी मान वर करून बघेल.

‘पण बाई, मुलांना देवाशी तक्रार करायला शिकवलं तर त्यांची श्रद्धा डळमळणार नाही का?’ हा प्रश्न मला नेहमी विचारतात आणि तो मनापासूनचा असतो. स्तोत्रसंहिता उघडून बघा. दीडशे स्तोत्रांतली कितीतरी विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्रात भक्त देवाला पुन्हा पुन्हा विचारतो की हे किती काळ चालणार. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी दिलाशाची एक ओळही नाही, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून बायबलमध्ये आहे. क्रुसावर येशूच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची सुरुवात आली, तीही तक्रारच आहे. येत्या शुक्रवारी क्रुसाची वाट करताना मुलांना हे दाखवा, की येशूसुद्धा पित्याला असे विचारू शकला. तक्रार करणाऱ्या मुलाने देवाकडे पाठ फिरवलेली नसते. काळजी करावी ती अबोल झालेल्या मुलाची.

रोममध्ये १९५४ साली सोफिया काव्हालेत्ती या हिब्रूच्या अभ्यासक आणि मॉन्टेसरी पद्धतीच्या शिक्षिका जान्ना गोब्बी यांनी लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची एक पद्धत सुरू केली. लाकडी मेंढ्या, लाकडी मेंढपाळ, आणि योहानाच्या दहाव्या अध्यायातला उत्तम मेंढपाळाचा दाखला. तीन ते सहा वर्षांची मुले त्या मेंढ्या पुन्हा पुन्हा कळपात आणतात, कुणी सांगावे लागत नाही. या वयात मुलाला नियमांआधी एक गोष्ट हवी असते, ती म्हणजे तो मला माझ्या नावाने ओळखतो ही खात्री. काव्हालेत्तींचे हे निरीक्षण मला आमच्या वर्गात तंतोतंत पटले. आपल्याकडे त्यासाठी सामग्री विकत आणायची गरज नाही, नाताळच्या गोठ्यातल्या मेंढ्या कपाटात अकरा महिने पडूनच असतात. एवढे ध्यानात ठेवा की त्याच दाखल्यात लांडगाही येतो. लांडगा नसलेले रान येशूने रंगवलेले नाही, मेंढपाळ पळून जात नाही एवढेच त्याने सांगितले आहे.

एक बाब मी हात जोडून सांगते. ‘सहन कर, येशूनेही सहन केले’ हे वाक्य मुलाला सरसकट ऐकवू नका. मुलाला कुणी मारहाण करत असेल, नको तिथे हात लावत असेल, मग तो घरातला असो, शाळेतला असो की देवळातला असो, तर ते सहन करणे भक्ती नाही. अशा मुलाला येशूच्या नावाने गप्प करणे हे पाप आहे. त्याचे ऐका, त्याच्यावर विश्वास ठेवा, १०९८ या चाइल्डलाइनच्या क्रमांकावर फोन करा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा ‘पॉक्सो’ कायदा २०१२ पासून आहे आणि त्यानुसार अशा अत्याचाराची तक्रार करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसेच, मूल महिनोन्महिने नीट जेवत नसेल, झोपत नसेल, कुणाशी बोलत नसेल, तर त्याला डॉक्टरांकडे किंवा समुपदेशकाकडे न्या. डॉक्टरकडे गेल्याने श्रद्धा कमी पडली असे होत नाही.

घरात काय करावे, तर फार नवे काही नाही. आपल्या आज्या कशा करायच्या ते आठवा. दिवेलागणीला रोझरी व्हायची आणि शेवटी एकेकाच्या नावाने मागणे असायचे; आजारी शेजाऱ्याचे, समुद्रावर गेलेल्यांचे, मेलेल्यांचेही. मुले मांडीवर पेंगत असायची. मात्र घरातली अडचण, संकट, मरण असे सगळे देवापुढे मोठ्याने बोलले जाते, हे त्यांच्या कानावर पडत राहायचे. आज रोझरी होते त्या घरांतही पुष्कळदा पाठ केलेलेच म्हटले जाते आणि खरी काळजी मुले झोपल्यावर स्वयंपाकघरात कुजबुजली जाते. मुलांना कुजबूज ऐकू येते. तेव्हा माळेच्या शेवटी पाच मिनिटे ठेवा आणि आज कशाची भीती वाटली ते प्रत्येकाने येशूला सांगावे, आधी वडिलांनी. बाप रडला तर रडू द्या. लाझरसच्या थडग्यापाशी येशूही रडला. आणि मुलाने अवघड प्रश्न विचारला, आई परत का येत नाही असे विचारले, तर उत्तर ठाऊक नाही असे सरळ सांगा. पुनरुत्थानावर आपली श्रद्धा आहे, आई प्रभूजवळ आहे, तेही सांगा. दोन्ही एकाच दमात सांगता येते.

याइराच्या मुलीची गोष्ट मार्कच्या पाचव्या अध्यायात आहे. ती बारा वर्षांची होती. येशूने तिचा हात धरला, ती उठली, तिथे असलेले थक्क होऊन बघत राहिले. येशूने त्यांना काय सांगितले, तर तिला काहीतरी खायला द्या. त्या गडबडीत मुलीच्या पोटाची आठवण त्यालाच झाली. आपल्या मुलांना हा येशू ठाऊक व्हायला हवा, आणि तो त्यांना आपल्या हातांनीच ठाऊक होईल.

म्हणून आपल्या धर्मग्रामात या वर्षी ज्या घरांत मृत्यू झाला, त्या घरांची यादी धर्मगुरूंकडे आहे, ती घ्या. सात दिवसांची गर्दी ओसरल्यावर त्या घरी पुन्हा जा. मोठ्यांना भेटून लगेच निघू नका. मूल कुठे आहे ते विचारा, त्याच्याजवळ बसा, आणि जाताना त्याच्यासाठी खाऊ न्या.