टोचा पडला म्हणून टरफल सोलू नका

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापूस-ज्वारीच्या बैठकीत कोंबडीच्या पिलांचा विषय कशाला, असा प्रश्न काही चेहऱ्यांवर दिसतो आहे. विषय आम्ही काढलेला नाही, बायांनी काढला आहे. गावोगावच्या महिला गटांनी अंडी उबवायची छोटी यंत्रे घेतली. पेरणीपासून कापूस घरात येईपर्यंत कोरडवाहू घरात पैसा दिसत नाही. त्या दिवसांत बाजारला दोन कोंबड्या विकल्या तर तेल-मीठ येते, हा हिशेब त्यांना कोणी शिकवावा लागत नाही. तक्रार एकच आहे. विसावा दिवस उलटतो, अंड्याला टोचा पडतो, आतून चिवचिव ऐकू येते आणि दुसऱ्या दिवशी पिलू आतच मेलेले सापडते. मग पुढच्या खेपेला बाई टोचा दिसताच नखाने टरफल सोलते, आणि ते पिलू रक्त जाऊन मरते. तेव्हा हात कधी लावायचा आणि कधी नाही, एवढेच आज बोलू.

आत काय चालते ते आधी पाहू. कोंबडीचे अंडे २१ दिवसांत उबते. त्यातले बहुतेक दिवस पिलू फुप्फुसाने श्वास घेतच नाही. टरफलाच्या आतल्या पापुद्र्याला रक्तवाहिन्यांचे जाळे असते. टरफलाच्या बारीक छिद्रांतून हवा त्या जाळ्यापर्यंत येते, तेच त्याचे फुप्फुस. एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी पिलू अंड्याच्या बोथट टोकाकडे असलेल्या हवेच्या पोकळीत चोच घालते आणि पहिला श्वास घेते. चोचीवर एक टोकदार काटा असतो, त्याने ते टरफलाला टोचा मारते. आणि मग थांबते. बारा तास, अठरा तास, कधी पुरते चोवीस तास.

आपल्याला वाटते थकले, अडकले. ते अडकलेले नसते, कामात असते. या वेळात फुप्फुसे काम उचलतात, जाळ्यातले रक्त अंगात परत येते, उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो. हे पुरे होण्याआधी पापुद्रा ओढणे म्हणजे जिवंत शीर फाडणे. खुडूक कोंबडी या वेळी नुसती बसून राहते. पिलांना टरफल सोलून देणारी कोंबडी आम्ही तरी कुठे पाहिली नाही.

तरीही काही पिले खरोखर अडकतात. का? बहुतेक वेळा आपणच झाकण उघडतो म्हणून. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे बंद करायचे आणि यंत्रातली ओल ६५ ते ७० टक्क्यांवर न्यायची. त्याआधी ती ५०-५५ टक्के पुरे. आपल्याकडे उन्हाळ्यात बाहेरची हवा कोरडी ठणठणीत. पोरांना दाखवायला झाकण उघडले की आतली ओल गेली. टोच्यापाशी उघडा पडलेला पापुद्रा कागदासारखा वाळतो, पिलाच्या पिसांना चिकटतो, त्याला आत फिरता येत नाही. मग त्याला सोडवायला पुन्हा झाकण, आणि शेजारची अंडी वाळली. म्हणून अठराव्या दिवसानंतर पाणी घालायचे ते बाहेरून नळीने. निघालेली पिलेही लगेच काढायची घाई नको. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस आरामात राहतात.

पावसाळ्यात उलटे होते. हवाच ओली, त्यात पहिल्या दिवसापासून यंत्रात पाणी भरले तर अंडे पुरेसे सुकत नाही आणि पिलू पाण्याने फुगते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण १२ टक्के उतरले पाहिजे. गावठी अंडे ४० ग्रॅमचे धरले तर पाचेक ग्रॅम. गटात लहान काटा असेल तर हे कळते.

आता हात लावण्याची वेळ. टोचा दिसला की यंत्राच्या काचेवरच वेळ लिहून ठेवा. चोवीस तास झाले, पुढे काही हालचाल नाही, पापुद्रा पिवळट-तपकिरी पडून वाळला आहे, किंवा पिलाने गोल कापायला सुरुवात करून सहा-सात तास ते तिथेच आहे, तर अंडे हातात घ्या. हात धुतलेले हवेत. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाच्या बोळ्याने पापुद्रा ओला करा. (कापूस आपल्या घरचा आहे, एवढी चैन परवडते.) पाणी नाकपुड्यांत जाऊ देऊ नका. टोच्यापासून बोथट टोकाकडेच ज्वारीच्या दाण्याएवढे एकेक टरफल काढा आणि बॅटरीच्या उजेडात पापुद्रा पाहा. लाल रेषा दिसल्या किंवा रक्ताचा थेंब आला की तिथेच थांबायचे, अंडे परत यंत्रात, पाच-सहा तास नाव काढायचे नाही. पापुद्रा पांढरा, कोरा दिसला तर टोपीसारखा वरचा भाग मोकळा करा. डोके मोकळे झाले की पुरे. ओढून काढू नका, पाय झाडत ते स्वतः बाहेर येऊ द्या. बेंबीपाशी पिवळा गोळा दिसला तर समजा, अजून वेळ आहे.

निमुळत्या टोकाकडून टोचा पडला तर पिलू उलटे आहे. त्यालाही हाच नियम, फक्त त्यातली वाचतात कमी. आणि सगळी काळजी घेऊनही जे निघत नाही, त्यात बहुधा मुळातच खोट असते. असे सोडवलेले पिलू जगले तर बाजारासाठी ठेवा, त्याची अंडी उबवायला घेऊ नका, असे आमचे मत.

लाइन गेली तर? झाकण बंदच ठेवा, वरून गोधडी टाका, पण हवेची भोके बुजवू नका. शेवटच्या दिवसांत पिलांना हवा जास्त लागते आणि त्यांच्या अंगातही ऊब असते. कोंबडीसुद्धा रोज दाणापाण्याला उठतेच, तासाभराने अंडी मरत नाहीत. उष्णता मात्र मोजून घ्या. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस हवे. यंत्रावरच्या आकड्यावर विश्वास नको, ताप मोजायचे थर्मामीटर आत ठेवून ताडून पाहा. उष्णता थोडी कमी राहिली तर पिले बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघतात. एकविसावा उजाडला म्हणून अंडी फेकलेली आम्ही पाहिली आहेत.

ज्या कोंबड्यांची अंडी उबवायची त्यांना सरकीची ढेप घालू नका, त्यातल्या विषारी अंशाने अंडी बिघडतात. ज्वारीचा भरडा चालतो.

ज्या गटांची अंडी या आठवड्यात अठराव्या दिवसाला येतात त्यांनी बैठक संपल्यावर थांबावे. पाण्याची नळी झाकणातून कशी घालायची ते यंत्र उघडून दाखवतो.