सुरत ते भावनगर : अंतर एक, वाटा तीन

शाळेतील नकाशावर सुरत व भावनगर या दोन शहरांवर फुटपट्टी ठेवली, तर मधले अंतर सुमारे 95 कि. मी. भरते. मुंबईहून पुणेदेखील याहून दूर आहे. परंतु मध्ये खंबायतचे आखात आहे. त्यामुळे भावनगर वायव्येस असूनही मोटारीचा प्रवासी आधी सरळ उत्तरेची वाट धरतो. भडोचजवळ नर्मदा, पुढे मही आणि मग साबरमती ओलांडून, आखाताच्या माथ्याला वळसा घालून तो पुन्हा दक्षिणेस उतरतो. हा फेरा सुमारे 370 कि. मी. चा, म्हणजे जवळजवळ चौपट.

विमानाला हा वळसा नाही. 2022 मध्ये सुरतेहून भावनगर व अमरेलीकडे नऊ आसनांची लहान विमाने उडू लागली. अशा विमानाचा वेग ताशी 300 कि. मी. धरला, तर त्रैराशिकाने भावनगर वीस मिनिटांवर येते. प्रत्यक्षात धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग आवरणे यांत अर्धा तास सहज जातो. शिवाय विमानतळ डुमसच्या वाटेवर, शहराबाहेर. तेथे वेळेआधी पोहोचावे लागते ते निराळेच. अंतर जितके थोडे, तितका वेगाचा लाभ थोडा, हे उतावीळ प्रवाशाच्या ध्यानात सहसा येत नाही.

खानदेशचे उदाहरण घ्यावे. सुरत-जळगाव सरळ रेषेत सुमारे 285 कि. मी., आणि तापीच्या खोऱ्यातून जाणारा लोहमार्ग सुमारे 310. नदीनेच वाट आखून दिलेली. तेथे आकाशमार्गाने अंतर वाचते ते जेमतेम पंचवीस कि. मी. लिंबायतच्या खानदेशी कामगाराला घरून निरोप आला, तर तो उधन्याला गाडीत बसतो आणि प्रश्न मिटतो. वराछाच्या रत्नकलाकाराचे तसे नाही. त्याचे गाव समुद्रापलीकडे.

समुद्रमार्गाचाही प्रयत्न झाला. घोघा-दहेज फेरी 2017 मध्ये सुरू झाली, पण आखातातील प्रचंड भरती-ओहोटी व गाळ यांनी तिला जेरीस आणले. पुढे 8 नोव्हेंबर 2020 रोजी हजीरा-घोघा फेरी सुरू झाली. हा जलमार्ग 90 कि. मी. चा, सरकारी हिशेबाप्रमाणे मालमोटारीच्या दहा-बारा तासांच्या जागी सुमारे चार तास. विमानाच्या मानाने हे संथच, पण बोटीत बिऱ्हाडाचे सामान जाते, मोटारसायकल जाते, मालमोटारही जाते.

दिवाळीत हिऱ्यांचे कारखाने बंद होतात, तेव्हा सौराष्ट्राकडे माणसांची रीघ लागते. नऊ आसनांत एका चाळीचा मजलाही मावत नाही. बाकीचे रात्रीच्या बसने निघतात आणि आखाताला वळसा घालून सकाळी गावच्या वेशीत उतरतात.