बोला, बाळ ऐकतंय

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या मेळाव्यासाठी संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विचारलं, "तू तिकडे नेमकं काय करतेस?" मी सांगितलं, "अमेरिकेतल्या एका विद्यापीठात लहान मुलांची भाषा आणि मेंदूची वाढ यांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिची मी समन्वयक आहे." पलीकडून उत्तर आलं, "म्हणजे डॉक्टर!"

नाही, मी डॉक्टर नाही. संशोधनाचे प्रश्न प्राध्यापक ठरवतात, पीएच.डी.चे विद्यार्थी प्रयोग रचतात. मी करते ते लग्नघरातल्या मावशीचं काम. सामानाची कोठी तिच्याकडे, पाहुण्यांची यादी तिच्याकडे, भटजींना चहा मिळाला का तेही तीच बघणार. आमच्याकडे पाहुणे असतात सहा महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतचे, आणि त्यांचे आईवडील. त्यांना फोन करायचे, वेळ ठरवायची, गाडी कुठे लावायची ते सांगायचं, संमतीपत्र समजावायचं, मदतनीस विद्यार्थ्यांना शिकवायचं, यंत्रं धुऊन-पुसून ठेवायची आणि शेवटी बाळाच्या हातात एक पुस्तक देऊन त्याला घरी पाठवायचं. वेळापत्रक घड्याळावर चालत नाही, बाळाच्या झोपेवर चालतं. दिवसात तीन बाळं आली आणि त्यातली दोन न रडता बसली, तर तो दिवस उत्तम.

आता आत काय चालतं ते सांगते, कारण "बाळाच्या मेंदूवर प्रयोग" हे शब्द ऐकले की कुणाच्याही पोटात गोळा येईल.

बाळ आईच्या मांडीवर बसतं. त्याच्या डोक्यावर जाळीसारखी मऊ टोपी घालतो. तिला १२८ छोटे स्पंज असतात, क्षाराच्या पाण्यात थोडा बेबी शाम्पू घालून त्यात भिजवलेले. ही ईईजीची टोपी. ती डोक्यात काही सोडत नाही, नुसती ऐकते. मेंदूच्या पेशी काम करताना अगदी क्षीण वीज निर्माण होते, व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागेल इतकी. तीच आम्ही टिपतो. मग स्पीकरवर आवाज लावतो: त, त, त, त, ट. त्या शेवटच्या 'ट'ला मेंदूतली लाट वेगळी उमटली, तर बाळाला फरक कळला. बाळाला बोलता येत नाही, म्हणून प्रश्न असा आडवाटेने विचारावा लागतो.

यंत्राशिवायची एक जुनी पद्धतही आहे. आवाज बदलला की बाजूच्या काळ्या काचेमागे दिवा लागतो आणि खेळण्यातलं अस्वल ढोल वाजवायला लागतं. दोन-चार वेळा हे पाहिलं की बाळ शिकतं, आणि आवाज बदलताच अस्वल दिसायच्या आधीच मान वळवतं. यात मला सगळ्यात आवडते ती एक खबरदारी. आई आणि खेळणं दाखवणारी व्यक्ती, दोघींच्या कानांवर हेडफोन असतात आणि त्यांत गाणी चालू असतात. नाहीतर आवाज बदलला की आईचं अंग नकळत जरासं हलतं, आणि बाळ आवाजाऐवजी आईच वाचतं.

'त' आणि 'ट' हे उदाहरण मी तुमच्यासाठी तयार केलेलं नाही. आमच्या क्षेत्रातला हा गाजलेला प्रयोग आहे. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी तो कॅनडात केला आणि १९८४ साली प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली बाळं त्यांनी घेतली आणि त्यांना हिंदीतले दंत्य 'त' आणि मूर्धन्य 'ट' ऐकवले. इंग्रजीत हा भेद नाही. तिथल्या मोठ्या माणसांना तो ऐकूच येत नाही, हे माझ्या ऑफिसात मी रोज अनुभवते. पण सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना तो फरक कळला! आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांना? जवळजवळ कुणालाच नाही.

म्हणजे बाळ जगातल्या कुठल्याही भाषेसाठी तयार होऊन येतं आणि पहिल्या वर्षाच्या अखेरीला, घरात जे ऐकू येतं त्यावर कान पक्का करायला लागतं. जे कानावर पडत नाही ते मागे पडतं. ही बाळाची उणीव नाही, हे त्याचं शिकणंच आहे. आपल्या मराठीच्या बाईंनी फळ्यावर वर्णांची उच्चारस्थानं लिहून घेतली होती, तालव्य, मूर्धन्य, दंत्य. तेव्हा आपण घोकंपट्टी म्हणून हसलो. तो फळा मला नोकरीत इतका उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. बाई आज समोर बसल्या आहेत म्हणून मुद्दाम सांगते.

दुसरा एक प्रयोग १९९६ सालचा. जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची एक सलग साखळी ऐकवली. मध्ये विराम नाही, आघात नाही. फक्त काही अक्षरं नेहमी एकापाठोपाठ यायची. दोन मिनिटं ऐकल्यावर बाळांनी त्यातले 'शब्द' वेगळे काढले. कुणी शिकवलं नाही, बक्षीस दिलं नाही. आपण बोलतो तेव्हा शब्दांमध्ये जागा सोडत नाही, ती जागा बाळ हिशेब करून शोधतं.

मग प्रश्न येतो, भाषा कानावर पडली की झालं, तर टीव्ही लावून ठेवला म्हणून काय बिघडलं? हा प्रश्न सिएटलच्या पॅट्रिशिया कूल यांच्या गटाने तपासला. २००३ साली त्यांचे निष्कर्ष आले. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांना चिनी बोलणाऱ्या व्यक्तीने समोर बसून, खेळत, पुस्तकं दाखवत बारा वेळा वेळ दिला, दर वेळी सुमारे पंचवीस मिनिटं. ही बाळं चिनीतला अवघड ध्वनिभेद ओळखायला शिकली. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं व्हिडिओवर दाखवलं. त्यांना काहीही आलं नाही. बोलणाऱ्याने बाळाकडे पाहावं, बाळाने बघितलं तिकडे पाहावं, त्याच्या आवाजाला उत्तर द्यावं, या देवाणघेवाणीत काहीतरी आहे, जे पडद्यात नाही.

इथे आपल्यातल्या आजी-आजोबांचा चेहरा पडलेला दिसतोय. नातवंडं परदेशात, भेट होते ती मोबाईलवर! घाबरू नका. २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवीन शब्द शिकवले: काहींना प्रत्यक्ष, काहींना व्हिडिओ कॉलवर, काहींना आधीच रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओवर. व्हिडिओ कॉलवरची मुलं प्रत्यक्ष शिकवलेल्या मुलांसारखीच शिकली, रेकॉर्डिंगवाली नाही. फरक पडद्याचा नव्हता, पलीकडचं माणूस उत्तर देतंय का याचा होता. तेव्हा कॉलवर "जेवलास का?" विचारून फोन सुनेकडे देऊ नका. त्याने हातात गाडी धरली असेल तर गाडीबद्दल बोला. तो "बू" म्हणाला तर तुम्हीही काही म्हणा आणि थांबा. त्याची पाळी येऊ द्या.

आता एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

एक मराठी कुटुंब आमच्याकडे आलं. मुलगा दोन वर्षांचा, शब्द जेमतेम चार-पाच. बरोबर गावाकडून आलेली आजी होती. मी सवयीने तिला मराठीत विचारलं, "काकू, प्रवास कसा झाला?" तिने आधी सुनेकडे पाहिलं, मग हळूच उत्तर दिलं. नंतर कळलं, कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की दोन भाषांमुळे मुलाचा गोंधळ होतोय, घरात फक्त इंग्रजी ठेवा. आजीला इंग्रजी येत नाही. म्हणून ती चार महिने नातवाशी बोलत नव्हती. भरवायची, न्हाऊ घालायची, सगळं मुक्याने. आपल्या बोलण्याने पोराचं नुकसान होईल या भीतीने.

माझ्या कामाला इथे एक कुंपण आहे. आमच्या टोपीतून निदान होत नाही. एका बाळाच्या लाटा बघून "हे मूल ठीक, ते नाही" असं कुणालाही सांगता येत नाही. आम्ही पुष्कळ मुलांची सरासरी काढतो, तेव्हा कुठे काही दिसतं. हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं, मी तोंडीही सांगते, तरी जाताना दारात प्रत्येक आई विचारतेच, "आमचं बाळ नॉर्मल आहे ना?" या प्रश्नाला धीर द्यायचा म्हणून "हो हो" म्हणणं फार सोपं आहे, आणि तेच करायचं नाही हे मी नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी शिकवते.

म्हणून त्या कुटुंबाला मी दोनच गोष्टी सांगितल्या. पहिली, बोलणं उशिरा येतंय तर आधी कान तपासा आणि मग वाचातज्ज्ञाकडे जा. दुसरी, घरची भाषा बंद केल्याने बोलणं लवकर येतं याला आधार नाही. दोन भाषांत वाढणारी मुलं शब्दांची सरमिसळ करतात, पण तो गोंधळ नसतो, हाताशी असलेला शब्द वापरणं असतं. त्यांचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांचे मिळून मोजावे लागतात.

कान चांगले निघाले. वाचातज्ज्ञाने उपचार सुरू केले आणि आजीला घरच्या सरावात सामील करून घेतलं. मराठी पुन्हा सुरू झाली आणि मुलगा पोपटासारखा बोलू लागला, असं काही मी सांगणार नाही. तो सावकाशच बोलायला लागला, मेहनतीने. पण पुढच्या भेटीला आजी त्याला मांडीवर घेऊन खिडकीतली झाडं दाखवत होती आणि अखंड बोलत होती.

हे तिकडचं झालं, पण इकडेही मी दर खेपेला दोन वाक्यं ऐकते. एक, "याचा बापही उशिराच बोलला होता." असेल, पण वाट पाहण्याआधी कान तपासायला काय हरकत आहे? ऐकू येत नसेल तर वर सांगितलेला सगळा पहिल्या वर्षाचा काळ हातचा जातो. म्हणून जगभर सांगतात: एक महिन्याच्या आत श्रवणचाचणी, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान, सहाव्या महिन्यापर्यंत उपचार. आपल्याकडे २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी आणि शाळांमधून मुलांची तपासणी होते, त्यात ऐकणं आणि बोलणंही येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

दुसरं वाक्य, "इंग्लिश मीडियमला घालायचंय, म्हणून घरी इंग्लिशच बोलतो." शाळा कुठली निवडायची हा तुमचा प्रश्न, त्यात मी पडत नाही. पण मोडक्या इंग्रजीत चार आज्ञा, 'कम', 'सिट', 'ईट', 'डोन्ट टच', एवढ्यावर मूल वाढवायचं, की ज्या भाषेत आपल्याला गोष्ट सांगता येते, चिडवता येतं, समजूत घालता येते, त्या भाषेत? २०१८ साली अमेरिकेत चार ते सहा वर्षांच्या ३६ मुलांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की, घरात मुलाशी संभाषणाच्या जितक्या फेऱ्या होतात, म्हणजे तू बोल, मी बोलतो, तितका गोष्ट ऐकताना मेंदूतला भाषेचा भाग अधिक काम करतो. नुसत्या शब्दसंख्येपेक्षा या फेऱ्यांचं महत्त्व जास्त निघालं, आणि आईवडिलांच्या उत्पन्नाचा हिशेब धरूनही ते टिकलं. फेऱ्या व्हायला आपल्याला ती भाषा सहज यायला हवी.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला आणि कोसबाडला अंगणात मुलं जमवली, तेव्हा त्यांच्याकडे टोप्या नव्हत्या आणि यंत्रं नव्हती. मुलांशी त्यांना कळेल असं बोलायचं आणि त्यांचं ऐकून घ्यायचं, हे त्यांना ठाऊक होतं. आम्ही आज जे मोजतो, त्यातलं बरंचसं अशा माणसांनी आधी करून पाहिलेलं आहे.

माझी तुम्हाला विनंती एवढीच. नातवंडाला तेल लावताना, भाजी निवडताना, रिक्षाची वाट बघताना बोला, तुमच्या भाषेत. मालवणी असो, वऱ्हाडी असो, अहिराणी असो. ते काही तरी आवाज काढेल. त्याला उत्तर द्या. शंका आली तर कान तपासून घ्या. आणि आमच्यासारख्या एखाद्या प्रयोगशाळेतून तुमच्या सुनेला फोन आला, तर संमतीपत्र नीट वाचायला सांगा, हवे तेवढे प्रश्न विचारायला सांगा आणि मनात आलं तर नाही म्हणायलाही सांगा. बाळ कंटाळलं तर मधूनच उठून जाता येतं. तसं कुणी उठून गेलं तर आम्ही रागावत नाही, पुस्तक हातात देऊनच पाठवतो.

सर, बाई, तुम्ही आम्हाला बोलायला शिकवलंत आणि कधी कधी बाकावर उभं करून गप्प बसायलाही शिकवलंत. नोकरीत मला दोन्ही लागतं.