पहिल्या दहा मिनिटांचे पैसे कोण देतं?

लोकलमध्ये लटकून ऐकत असाल तर आधी नीट पकडून उभे राहा, मग पुढे ऐका. आजचा विषय आहे आग. म्हणजे आग लागल्यावर बंब येईपर्यंत जे धावतात, त्यांच्यावर सरकार किती खर्च करतं, हा.

3 डिसेंबर 2018. सोमवारची संध्याकाळ. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला आम्ही नेहमीसारखे ट्रॅफिकमध्ये अडकलेलो आणि समोर गोरेगाव-दिंडोशीचा डोंगर पेटलेला. आरे आणि नॅशनल पार्कच्या बाजूचा तो वणवा तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, स्टेटसला टाकलाही असेल. मी टाकला होता. तेव्हा डोक्यात एवढंच होतं की बंब गेले असतील, विझवतील. पण डोंगरावर बंब चढतो कसा? रस्ता कुठाय तिथे? जवानांना पायी जावं लागतं, आणि गवताची आग पाण्यापेक्षा हिरव्या डहाळ्यांनी झोडपून जास्त विझते.

हे मला नंतर आरेतल्या एका पाड्यावर कळलं. पाड्याचं नाव सांगत नाही, तिथल्या काकांचंही नाही, कारण त्यांना प्रसिद्धी नकोय. मी विचारलं, "काका, आग लागली की तुम्ही काय करता?" ते माझ्याकडे असे बघायला लागले जणू मी 'भूक लागली की काय करता' असं विचारलंय. म्हणाले, "जातो. बंबाची वाट बघत बसलो तर घरं राहतील का?" नोव्हेंबरनंतर गवत वाळलं की घराभोवतीचं गवत ते स्वतः काढून टाकतात. वनखातं याला जाळरेषा म्हणतं. पिंप भरून ठेवतात. आग दिसली की आठ-दहा जण डहाळ्या घेऊन निघतात, पायात चपला. एकदा त्यांच्या पुतण्याची पोटरी भाजली होती. दवाखान्याचा खर्च कोणी केला? "आम्हीच. अजून कोण करणार?"

मंडळी, आजचा सगळा एपिसोड ह्या शेवटच्या वाक्यावर आहे.

जगात ह्या काकांसारख्या माणसांना नाव आहे: स्वयंसेवी अग्निशामक. चिलीमध्ये तर देशभरची अग्निसेवा बिनपगारी स्वयंसेवक चालवतात. 1851 मध्ये वालपराइसो बंदरात ती सुरू झाली आणि आज सरकार दरवर्षी बजेटमधून तिला पैसे देतं. माणूस फुकट येतो, पण त्याचं हेल्मेट फुकट येत नाही, एवढं साधं गणित आहे.

आपल्याकडे माणूसही फुकट आणि हेल्मेटच नाही.

असं का? थोडं कायद्यात शिरूया, दोन मिनिटं सहन करा. घटनेला दोन याद्या जोडल्या आहेत. बारावी अनुसूची शहरांसाठी, तिच्यात 18 विषय, आणि सातवा विषय स्पष्ट लिहिलाय: अग्निशमन सेवा. अकरावी अनुसूची पंचायतींसाठी, तिच्यात 29 विषय. शेती आहे, मासेमारी आहे, वाचनालय आहे, बाजार आणि जत्रासुद्धा आहेत. आग नाही. आता हे कागदावरचं वाटेल. पण 15 व्या वित्त आयोगाचा जो अबंधित निधी ग्रामपंचायतींना मिळायचा, तो ह्याच 29 विषयांतल्या गरजांसाठी होता. म्हणजे सरपंचांनी ठरवलं की दहा पोरांना बूट, हातमोजे आणि पाठीवरचे पाण्याचे पंप घेऊया, तर पहिला प्रश्न येणार: कुठल्या विषयात बसवायचं?

तुमच्यापैकी ज्यांचं गाव कोकणात किंवा घाटावर आहे त्यांनी आठवून बघा. गंज पेटली, ऊस पेटला, तर बंब कुठून येतो? तालुक्याच्या नगरपरिषदेचा, नाहीतर जवळच्या साखर कारखान्याचा किंवा एमआयडीसीचा. तो पोचेपर्यंत गावच विझवतं, किंवा जळून जातं. माझ्या आजोळी गोठा पेटला होता तेव्हा अख्खी आळी कळशा घेऊन धावली होती. बंब आला तेव्हा आम्ही त्याला चहा दिला, बाकी काही उरलं नव्हतं.

आता पैशाबद्दल. 15 व्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राने 2023 मध्ये राज्यांच्या अग्निसेवा सुधारायला योजना काढली. रक्कम 5,000 कोटी. बहुतेक राज्यांनी आपला 25 टक्के हिस्सा घालायचा. ऐकायला मोठी वाटते ना? मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट होतं 74,427 कोटी. म्हणजे अख्ख्या देशाच्या त्या योजनेच्या जवळपास पंधरा पट, एका शहराचं एका वर्षाचं. मला महापालिकेवर राग काढायचा नाहीये. मुद्दा असा की मुंबईला पैसा नाही हे कारण चालत नाही. आणि अशी योजना आली की पैसा बहुतेक केंद्रं, गाड्या, यंत्रं ह्यांवर जातो. ते हवंच, वाद नाही. पण गाडी जिथे पोचत नाही तिथल्या माणसाचं नाव कुठल्याही हेडखाली येत नाही.

जंगलाच्या बाजूने थोडं बरं आहे. राज्याची संत तुकाराम वनग्राम योजना आहे. गावच्या समितीने वणवा, वृक्षतोड, अतिक्रमण रोखलं तर बक्षीस मिळतं. चांगली कल्पना आहे. पण बक्षीस पहिल्या नंबराला मिळतं. पोटरी भाजलेल्याला नाही.

आणि हे फक्त आदिवासी पाड्यांचं नाही हं. 7 डिसेंबर 2015, कांदिवली पूर्वेचं दामूनगर. दुपारची वेळ, जंगलाच्या कडेची डोंगरउताराची वस्ती, अरुंद गल्ल्या, आणि एकामागून एक सिलिंडर फुटत गेले. दोन माणसं गेली, शेकडो कुटुंबांचं घर, रेशनकार्ड, पोरांची दप्तरं, सगळं गेलं. मुलुंडच्या मागचा डोंगर घ्या, घाटकोपरचं असल्फा घ्या, तीच चढण, त्याच गल्ल्या. तिथे पहिली दहा मिनिटं शेजाऱ्यांचीच असतात.

मग करायचं काय? नवीन काही शोधायला नको. होमगार्ड ही कल्पना 1946 मध्ये मुंबईतच सुरू झाली: साधा नागरिक, थोडं प्रशिक्षण, कामाच्या दिवसाचा भत्ता. अलीकडची आपदा मित्र योजना बघा. 350 जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवकांचं लक्ष्य, बारा दिवसांचं प्रशिक्षण, किट आणि विमा. विमा! हाच तर काकांच्या पुतण्याला हवा होता. पण जिल्हे निवडताना बघितलं पूर, दरड, चक्रीवादळ आणि भूकंप. आग हा निकष नव्हता. तो घाला, आणि जिल्ह्याऐवजी वस्ती आणि पाडा मोजा.

"मग क्राउडफंडिंग करूया ना," असं माझा एक मित्र म्हणाला. त्याला ऑस्ट्रेलियाची गोष्ट सांगितली. 2020 च्या सुरुवातीला न्यू साउथ वेल्समधल्या वणव्यांसाठी सेलेस्ट बार्बर ह्या कॉमेडियनने फेसबुकवर पैसे मागितले आणि पाच कोटी डॉलरच्या वर जमले. सगळे ग्रामीण अग्निसेवेच्या ट्रस्टकडे गेले. लोकांना त्यातला काही भाग घरं गेलेल्यांना, प्राण्यांना द्यायचा होता. कोर्टाने सांगितलं, ट्रस्टच्या नियमात तसं बसत नाही. देणगी लाटेसारखी येते, नको तिथे साचते. आणि आरेच्या पाड्यासाठी कोण व्हायरल होणार, सांगा?

एक आक्षेप मात्र मला पटतो. स्वयंसेवक उभे केले की सरकार म्हणेल, झालं की, आता जवानांची भरती कशाला? हे होऊ शकतं. म्हणून दोघांचे पैसे वेगळे हवेत, एकाचे कापून दुसऱ्याला नकोत. आणि स्वयंसेवकाने पेटत्या इमारतीत शिरायचं नाही, हे लेखी हवं. 2014 मध्ये अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कमध्ये नितीन इवलेकर हा जवान गेला. पुढच्याच वर्षी काळबादेवीच्या आगीने अग्निशमन दलाचे चार अधिकारी नेले. हे आयुष्यभर आग विझवलेले लोक होते. शेजाऱ्याचं काम एवढंच: 101 ला फोन, सिलिंडर बंद, म्हाताऱ्यांना बाहेर, गल्ली मोकळी, आणि गवताची आग कडेने अडवणं.

त्यासाठी लागतं ते फार नाही. बूट, हातमोजे, झोडपायचे पट्टे, पाठीवरचे पंप, वर्षातून दोनदा सराव, आणि अपघात विमा. एका बंबाच्या किमतीत किती पाडे होतील ते एकदा वॉर्ड ऑफिसमध्ये विचारा. बजेटच्या आधी महापालिका सूचना मागवते, तेव्हा हे लिहून पाठवा. मी लिहिलंय, मसुदा आपल्या चॅनलवर टाकतोय, तुमच्या वस्तीचं नाव घालून वापरा.

आणि एक काम. तुमच्या गावाला आग लागली तर बंब कुठून येतो, किती वेळात येतो, आणि त्याचे पैसे कोणी भरले, हे घरच्यांना विचारून व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये त्याच ऐकवणार आहे.

निघताना मी काकांना विचारलं होतं, सरकारने एकच गोष्ट द्यायची तर काय द्यावी? मला वाटलं रस्ता म्हणतील, पाणी म्हणतील. त्यांनी पायाकडे बघितलं आणि म्हणाले, "नऊ नंबरचे बूट. पुतण्याला आठ."