मशीन मेली, असं कुणी ठरवलं?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेलं भाषण)



१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा आधार काढून घेतला. १५ तारखेला सकाळी बटण दाबलं तर मशीन चालूच! पंखा फिरतो, पडदा उजळतो. फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या यायच्या बंद. नाव नोंदवणाऱ्याला ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत दिली, बाकीच्यांनी विंडोज ११ घ्यावं म्हणे. आणि विंडोज ११ विचारतं, टीपीएम २.० आहे का? प्रोसेसर आमच्या यादीतला आहे का? इंटेलचा असेल तर साधारण २०१७ च्या अखेरीनंतरचाच चालतो. त्याआधीचा असेल तर पंगतीत बसायचं नाही. डोकं शाबूत आहे, हात चालतात, पण जन्मसाल चुकलं. जन्मावरून लायकी ठरवायची ही रीत आपल्याला काय नवीन?

मग ऑफिसवाले ती मशीन किलोवर विकतात. मुंबईत ती कुर्ला-साकीनाक्याला जाते, दिल्लीत सीलमपूरला. मुरादाबादला बोर्ड जाळून तांबं-सोनं काढता काढता रामगंगेच्या काठावर काळी राख साचली. ती वाफ, तो धूर कुणाच्या छातीत जातो? दलिताच्या, गरीब मुसलमानाच्या, पोट भरायला शहरात आलेल्या बायापोरांच्या. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं ओता असं शास्त्र सांगत होतं. आता तेच शिसं फुफ्फुसात. २०२२ चे ई-कचऱ्याचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, जबाबदारी उत्पादकावर टाकतात. नियम कागदावर चांगला आहे, गल्लीत धूर आहेच. म्हणजे ढोर मेलं हे कंपनीनं जाहीर करायचं, आणि ओढायला आपण.

तुमच्यातलेच काही जण विचारतात, ऑफिसनं टाकलेलं मशीन विहारात आणून ठेवायचं म्हणजे पुन्हा उतरन अंगावर घ्यायची का? प्रश्न रास्त आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाला मेलेल्याचे कपडे आणि फुटकी भांडी नेमून दिलीत. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे सोडा. डिसेंबरात तिथंच मनुस्मृती जाळली. ते विसरून मी इथं बोलायला उभा नाही.

पण हे ढोर मेलेलं नाही. मालक खोटं बोलतोय. आणि आत बसवलेलं त्याचं सॉफ्टवेअर पुसलं की त्याची अटही गेली. त्या जागी लिनक्स टाका. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस तोरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याची सुरुवात केली. त्याचा कोड उघडा आहे. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. पैसे नाहीत, परवानगी नाही. ज्यांना हजारो वर्षं पोथी उघडू दिली नाही त्यांनी तरी बंद पेटीची पूजा करू नये.

आता कामाचं. २०१२ ते १५ ची, ४ जीबी रॅमची मशीन धरा. झाकण उघडा. पंख्यातली धूळ ब्रशनं काढा, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट पुसून नवी लावा. तारीख दर वेळी मागं जात असेल तर मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदला, सीआर २०३२ म्हणून मागायचा. सगळ्यात मोठा फरक पडतो तो फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यावर. मशीन उठायला मिनिटं घेत होती ती सेकंदांत उठते. जुन्या डिस्कवरचा मालकाचा डेटा पूर्ण पुसायचा, तिथं चाळवाचाळव नको. पेन ड्राइव्हवर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या, आधी तिच्यावरूनच मशीन सुरू करा, वायफाय आणि आवाज चालतो का बघा, मगच आत बसवा. लिब्रेऑफिस आहे, मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्डही मिळतो. लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली तर टोचायची नाही, आग लागते.

एक मशीन मात्र वेगळी ठेवा. तिच्यात किविक्स घालून विकिपीडिया भरा, आणि महाराष्ट्र सरकार १९७९ पासून छापतंय ते बाबासाहेबांचे इंग्रजी खंड, त्यांच्या पीडीएफ. साध्या राउटरला जोडा. अभ्यासिकेतली पोरं मोबाईलवर वाचतील, रिचार्ज संपला तरी. काही कामांना विंडोजच लागतं, आणि जुना डेस्कटॉप वीज जास्त खातो, हेही ऐकून ठेवा. म्हणून जमेल तिथं लॅपटॉप बघा.

आणि नगरसेवक उद्या म्हणेल, तुमच्याकडं आहेत की कॉम्प्युटर, शाळेला नवीन कशाला? त्याला तिथल्या तिथं अडवायचं. विहारातली मशीन आपली, शाळेतली सरकारनं द्यायची. केरळच्या सरकारी शाळांत मुलं लिनक्सवर शिकतात; पण तिथं सरकारनं मास्तरांना शिकवलं, यंत्रणा उभी केली.

येत्या रविवारी तीन मशिनी उघडायच्यात. फुलीचा स्क्रू-ड्रायव्हर ज्याच्याकडं असेल त्यानं आणा. पोरींनी मागच्या रांगेत बसायचं नाही, झाकण त्यांनीच काढायचं.

जयभीम.