अभियोक्त्याची निष्ठा कोणाशी?



अमेरिकेत १७८९ च्या कायद्याने प्रत्येक न्यायिक जिल्ह्यासाठी केंद्रीय अभियोक्त्याचे पद निर्माण झाले. आज अशी ९३ पदे आहेत. नियुक्ती राष्ट्राध्यक्ष करतात, सिनेट संमती देते. मुदत चार वर्षांची; परंतु राष्ट्राध्यक्ष त्यापूर्वीही पदावरून दूर करू शकतात.

तपास एफबीआयसारख्या यंत्रणा करतात. खटला भरावा की नाही, हे अभियोक्त्याचे कार्यालय ठरवते. गंभीर गुन्ह्यात १६ ते २३ नागरिकांच्या ग्रँड ज्युरीपुढे पुरावा मांडावा लागतो. किमान १२ जणांना तो पटला, तरच आरोपपत्र निघते.

न्यूयॉर्कच्या दक्षिण जिल्ह्याची धुरा २००९ पासून फिरोजपूर येथे जन्मलेल्या प्रीत भरारा यांच्याकडे होती. कंपनीची गोपनीय माहिती शेअर व्यवहारासाठी बाहेर पुरवल्याबद्दल भारतातच जन्मलेले रजत गुप्ता २०१२ मध्ये दोषी ठरले, ते याच कार्यालयाने चालवलेल्या खटल्यात. समान जन्मभूमी कर्तव्याच्या आड आली नाही. मार्च २०१७ मध्ये राजीनामा मागण्यात आला. भरारांनी तो नाकारला आणि त्यांना पदच्युत करण्यात आले. उपप्रमुखांनी सूत्रे हाती घेतली. कार्यालयाचे काम चालूच राहिले.

१९३५ मध्ये बर्जर खटल्यात अभियोक्त्याने मर्यादा सोडली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने आरोपीची शिक्षा रद्द केली. सरकारचे हित खटला जिंकण्यात नसून न्याय होण्यात आहे, असे न्यायालयाने तेव्हा बजावले. नेमणूक सत्तेच्या हातून होते. निष्ठा मात्र न्यायाशीच असावी लागते. ती ढळली, तर कायद्याचे शस्त्र सूडाचे साधन बनण्यास वेळ लागत नाही.