आधी ऐकावे, मग बोलावे

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



मी बी. ए., बी. एड. झालेला एक साधा शिक्षक आहे. काही वर्षांपूर्वी शाळेने समुपदेशनाचे काम माझ्याकडे सोपविले आणि त्यासाठी मी एक अल्पमुदतीचा अभ्यासक्रम पुरा केला. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. औषध देण्याचा मला अधिकार नाही. मुलाजवळ बसावे, त्याचे ऐकावे आणि त्याला स्वतःची वाट शोधावयास मदत करावी, एवढेच माझे काम. ते मी कसे करतो आणि त्यात कोठे चुकलो, हे आज मोकळेपणाने सांगणार आहे.

चूक आधी सांगतो. दहावीतील एक मुलगा माझ्याकडे आला. गणिताच्या चाचणीत तो नापास झाला होता आणि ती उत्तरपत्रिका त्याने घरी दाखविली नव्हती. "सर, घरी सांगू नका," एवढे म्हणून तो रडू लागला. मी त्याला धीर दिला, आणि त्याच संध्याकाळी आखातात नोकरीला असलेल्या त्याच्या अब्बांना फोन लावला. माझा हेतू चांगला होता. परंतु अब्बा तिकडून रागावले, अम्मीने इकडे रडून घर डोक्यावर घेतले, आणि दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा माझ्या नजरेला नजर देईना. पुढे तो परीक्षा पास झाला. पण शाळा सुटेपर्यंत माझ्याशी मनातले एक अक्षर बोलला नाही. संकटात सापडलेल्या मुलापुढे उघडा असलेला एक दरवाजा मी माझ्याच हाताने बंद केला होता.

शेजारी हजला जाताना आपल्याकडे दागिने ठेवून गेला, तर आपण ते चारचौघांत दाखवीत नाही. ती अमानत असते. मग मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत नाही काय?

म्हणून आता मी मुलाला प्रथमच सांगतो, "तू जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. मात्र दोन गोष्टी मी लपवू शकणार नाही. तुझ्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. आणि कोणी तुझ्याशी वाईट वर्तन केले असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते मला कळवावेच लागेल. पण कळविण्याआधी मी तुला सांगेन." एवढे स्पष्ट बोलल्याने मुले दूर जातील अशी मला भीती होती. अनुभव उलट आला. खरे बोलणाऱ्या माणसाजवळ मूल अधिक मोकळे होते.

माझी बसण्याची रीतही मी बदलली. मधले टेबल बाजूला केले. खुर्च्या शेजारी-शेजारी, थोड्या तिरक्या ठेवल्या. दार अर्धे उघडे असते, पण आवाज बाहेर जात नाही. पहिली पंधरा मिनिटे उपदेश करावयाचा नाही, असा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. शिक्षकाला हा नियम फार जड जातो, हे मी कबूल करतो! "असे का केलेस?" या प्रश्नाने मूल आरोपी बनते. त्याऐवजी "काय झाले ते सांग" असे म्हणतो. तो जे सांगतो ते माझ्या शब्दांत परत सांगून विचारतो, "मला बरोबर समजले ना?"

हे माझे संशोधन नव्हे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५१ मध्ये आपल्या ग्रंथात समोरच्या माणसाला केंद्रस्थानी ठेवणारी उपचारपद्धती मांडली. त्याला अटी न घालता स्वीकारावे, त्याच्या जागी उभे राहून त्याचे दुःख समजून घ्यावे आणि आपण स्वतः खोटेपणाने वागू नये, ही तिची तीन सूत्रे होत.

परंतु नुसते ऐकून काही वेळा भागत नाही. एक विद्यार्थिनी म्हणाली, "कमी मार्क मिळाले तर मी जगायला नालायक." अशा वेळी अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ पद्धती उपयोगी पडते. तिची सुरुवात त्यांनी १९५५ च्या सुमारास केली, आणि मुंबईच्या कि. मो. फडके यांनी ती आपल्याकडे रुजविली. तिचे सार असे, की घटना आपल्याला जेवढे दुःख देते त्याहून अधिक दुःख त्या घटनेविषयीचा आपला हट्टी विचार देतो. मी त्या मुलीला विचारले, "तुझ्या मैत्रिणीला कमी मार्क मिळाले तर तिला नालायक म्हणशील काय?" ती म्हणाली, "नाही सर, तिला मी समजावीन." मी म्हटले, "मग तेच स्वतःला समजाव." त्या दिवशी ती पहिल्यांदा थोडी हसली. आठवडाभर रोज एकच धडा करावयाचा, असे आम्ही ठरविले. कामाचे ओझे लहान केले की पाऊल पडते.

मात्र "जगायला" हा शब्द मी कानाआड केला नाही. "जीव द्यावा असे मनात येते काय?" असे तिला सरळ विचारले. असे विचारल्याने तो विचार मुलाच्या मनात नव्याने शिरत नाही; उलट कोणीतरी विचारले म्हणून मन हलके होते. उत्तर "होय" असेल तर मुलाला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दोन आठवडे झोप-भूक गेली असेल, मूल कोणाशी बोलत नसेल, तरीही समुपदेशकावर विसंबू नये, मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. दुआ अवश्य मागावी, पण तापात आपण दुआही मागतो आणि गोळीही घेतो, हे विसरू नये. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था आहे. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते. हा क्रमांक घरात लिहून ठेवा. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला शिक्षेची नव्हे तर उपचाराची गरज आहे, अशी भूमिका २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही घेतली आहे. मग आपणच बदनामीच्या भीतीने गप्प का बसावे?

पालकहो, आपले तळोजे झपाट्याने बदलले. जुन्या गावाशेजारी उंच इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूरहून पेंधरपर्यंत मेट्रो आली. कोणाचे वडील औद्योगिक वसाहतीत रात्रपाळीला, तर कोणाचे आखातात किंवा जहाजावर. पोटासाठी हे करावेच लागते, त्यात दोष कोणाचाच नाही. पण फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न "मार्क किती?" हा असू नये, एवढी माझी विनंती आहे. "आज दिवस कसा गेला?" हा प्रश्न आधी विचारा, आणि उत्तर संपेपर्यंत थांबा.

विद्यार्थी मित्रांनो, मदत मागणे हा कमकुवतपणा नाही. एका मोठ्या माणसाने तुमचे ऐकले नाही, तर दुसऱ्याकडे जा. पण मनात कोंडून ठेवू नका. मित्राने तुम्हांला मनातले सांगितले तर त्याची थट्टा करू नका, आणि त्याच्या जिवाला धोका वाटला तर ते गुपित ठेवू नका.

त्या पहिल्या मुलाची माफी मागावयाची माझी राहून गेली. तो आज कोठे आहे, मला ठाऊक नाही. परंतु माझ्या खोलीत नवीन मूल येते तेव्हा त्याची आठवण होते, आणि तोंड उघडण्याआधी मी थांबतो.